एका पत्त्यावर अनेक संगणक : पत्तांतराची कार्यपद्धती व तिचे परिणाम

इंटरनेटची मूळ घडण ज्या गृहीतावर झाली ते असे की, जाळ्यास जोडलेल्या प्रत्येक यंत्रास स्वतःचा एक पत्ता असावा, तो पत्ता साऱ्या जगात एकमेव असावा, आणि त्या पत्त्याच्या आधारे कोणत्याही यंत्रास दुसऱ्या कोणत्याही यंत्राकडे थेट संदेश धाडता यावा. आजच्या सामान्य घरातील स्थिती पाहिली असता यांपैकी एकही अपेक्षा तेथे पुरी होत नाही असे आढळून येते. घरात दोन संगणक, तीन-चार मोबाइल फोन, एखादा टीव्ही व एखादा प्रिंटर जोडलेला असतो. परंतु सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून त्या घरास मिळालेला सार्वजनिक पत्ता एकच असतो, आणि पुष्कळदा तोही सर्वस्वी त्या घराचा नसतो. असे असूनही सर्व यंत्रांचे व्यवहार एकाच वेळी व परस्परांत घोटाळा न होता चालतात. हे कसे घडते याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू आहे.

दुसरा हेतू थोडा व्यापक आहे. या योजनेमुळे पत्त्यांची टंचाई निभावली गेली खरी. परंतु त्याबरोबर जाळ्याचे स्वरूपही पालटले आणि 'पत्ता' या शब्दाचा अर्थ पूर्वीचा राहिला नाही. इंटरनेटवरील पत्त्यांची मोजदाद करून वापरणाऱ्यांविषयी अनुमाने काढण्याची पद्धत अनेक विषयांच्या संशोधनात रूढ असल्यामुळे हा पालट केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीच जाणून घ्यावा असा राहिलेला नाही.

१. टंचाईचा उगम

इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती, म्हणजे आजही प्रचारात असलेली 'आयपी आवृत्ती ४', सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पत्त्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवण्यात आली. त्यामुळे संभाव्य पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ इतकी, म्हणजे सुमारे ४२९ कोटी होते. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने ही पद्धती स्वीकारली, तेव्हा त्यास जोडलेल्या यंत्रांची संख्या शेकड्यांनी मोजण्याइतकीच होती. अशा वेळी ४२९ कोटी हा आकडा अपुरा पडेल अशी शंका कोणास आली नाही, यात नवल नाही.

टंचाईस केवळ यंत्रांची वाढ कारण झाली असे मात्र नव्हे. वाटपाची रीतही उधळी होती. पत्त्यांचे गट प्रामुख्याने तीनच आकारांचे होते : एक १,६७,७७,२१६ पत्त्यांचा, दुसरा ६५,५३६ पत्त्यांचा व तिसरा अवघ्या २५६ पत्त्यांचा. एखाद्या संस्थेस पाचशे पत्ते हवे असले तर तिसरा गट तोकडा पडे, म्हणून ती दुसरा गट मागे, व त्यातील बहुतेक पत्ते पडून राहत. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हा मधला गट लवकरच संपणार हे स्पष्ट झाले.

यावर तीन उपाय पुढे आले. गटांच्या ठराविक आकाराचे बंधन काढून टाकणे हा पहिला. तो १९९३ मध्ये अमलात आणण्याचे ठरले. अधिक लांबीचे पत्ते असलेली नवी आवृत्ती तयार करणे हा दुसरा व खरा दूरगामी उपाय. तिसरा उपाय पॉल फ्रान्सिस व टोनी एंग यांनी जानेवारी १९९३ मध्ये एका निबंधात मांडला : एकच पत्ता निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा वापरावा. मे १९९४ मध्ये एगेव्हांग व फ्रान्सिस यांनी याचे विवरण इंटरनेटच्या तांत्रिक टिपणमालिकेतील १६३१ क्रमांकाच्या टिपणात केले. या युक्तीस इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नॅट' असे म्हणतात. येथे आपण तीस 'पत्तांतर' म्हणू. लेखकांनी स्वतःच तिची गणना अल्पकालीन उपायांत केली होती, व तिचे दोषही त्याच टिपणात नमूद केले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२. खासगी पत्ते

पत्तांतर शक्य व्हावयाचे तर कोणाच्याही मालकीचे नसलेले काही पत्ते हाताशी असावयास हवेत. फेब्रुवारी १९९६ च्या १९१८ क्रमांकाच्या टिपणाने असे तीन समूह कायमचे बाजूस काढून ठेवले. १० या अंकाने सुरू होणारे सर्व पत्ते, म्हणजे १,६७,७७,२१६, हा पहिला समूह, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे १०,४८,५७६ पत्ते हा दुसरा; आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते हा तिसरा. घरगुती राउटर बहुधा तिसऱ्या समूहातील पत्ते घरातील यंत्रांना वाटून देतो.

हे पत्ते 'खासगी' आहेत याचा अर्थ ते गुप्त आहेत असा नव्हे. ते घराच्या उंबऱ्याबाहेर निरर्थक आहेत, एवढाच त्याचा अर्थ. १९२.१६८.१.१० हा पत्ता आज जगातील असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असतो. म्हणूनच तो पत्ता लिहिलेले संदेशाचे पुडके (ज्यास सामान्यतः पॅकेट म्हणतात) तसेच बाहेर जाऊ देणे निरुपयोगी ठरते. कारण उत्तर कोणत्या घरी धाडावयाचे हे बाहेरच्या जाळ्यास कळण्यास मार्ग नसतो. उंबऱ्यावर कोणीतरी पत्ता बदलणे अवश्य आहे. हे काम राउटर करतो.

३. बारनिशीची पद्धत

जुन्या कचेऱ्यांतील आवक-जावक बारनिशी ज्यांच्या परिचयाची आहे त्यांस पत्तांतराचे तत्त्व समजण्यास अडचण पडू नये. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक पडतो, व ते पत्र कोणत्या टेबलावरून निघाले याची नोंद बारनिशीत होते. बाहेरचा गृहस्थ उत्तर देताना 'आपले पत्र क्रमांक अमुक' असा हवाला देतो. तो क्रमांक पाहून बारनिशी कारकून ते उत्तर योग्य टेबलावर पोचते करतो. कचेरीत टेबले किती, पत्र कोणी लिहिले, यांतील काहीही बाहेरच्या गृहस्थास ठाऊक असावे लागत नाही.

इंटरनेटच्या पुडक्यावर असा जावक क्रमांक म्हणून उपयोगी पडेल अशी एक जागा आधीपासूनच होती. टीसीपी व यूडीपी या दोन्ही वाहतूक-प्रोटोकॉलांत प्रत्येक पुडक्यावर पाठविणाराचा व घेणाराचा पोर्टक्रमांक लिहिलेला असतो. एकाच संगणकावरील अनेक कार्यक्रमांचे संदेश वेगवेगळे राहावेत यासाठी त्याची योजना झाली होती. तो १६ बिटांचा असल्यामुळे त्याची ६५,५३६ मूल्ये संभवतात. १९९४ च्या टिपणात प्रामुख्याने पत्त्याबदली पत्ता देण्याचा विचार होता. पोर्टक्रमांकही बदलून एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रे बसविण्याच्या पद्धतीची रीतसर व्याख्या १९९९ व २००१ मधील टिपणांनी केली. घरोघरी प्रचारात आलेली पद्धती ती हीच.

एक उदाहरण घेऊ. घरातील दोन संगणकांचे पत्ते १९२.१६८.१.१० व १९२.१६८.१.११ असे आहेत. राउटरास मिळालेला सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.२५ आहे. दोन्ही संगणकांस १९८.५१.१००.७ या पत्त्यावरील सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टाशी बोलावयाचे आहे. (हे दोन सार्वजनिक पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या समूहांतील असून कोणत्याही प्रत्यक्ष संस्थेचे नाहीत.) योगायोगाने दोन्ही संगणकांनी स्वतःसाठी ५०००० हाच पोर्टक्रमांक निवडला. राउटर पुढीलप्रमाणे नोंदी करतो :

नोंद पहिली : आतील १९२.१६८.१.१०, पोर्ट ५००००, बाहेरील २०३.०.११३.२५, पोर्ट ५००००.

नोंद दुसरी : आतील १९२.१६८.१.११, पोर्ट ५००००, बाहेरील २०३.०.११३.२५, पोर्ट ५०००१.

बाहेर जाणाऱ्या पुडक्यावरील पाठविणाराचा पत्ता व पोर्ट खोडून त्या जागी राउटर 'बाहेरील' रकान्यातील जोडी लिहितो. सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही पुडकी एकाच यंत्राकडून, परंतु दोन वेगळ्या पोर्टांवरून आलेली असतात. त्याचे उत्तर ५०००१ या पोर्टावर आले की राउटर नोंद पाहून घेणाराच्या जागी १९२.१६८.१.११ व ५०००० असे लिहितो, आणि पुडके दुसऱ्या संगणकाकडे रवाना करतो. या सर्व व्यवहारात आपल्या पुडक्यावरील मजकूर बदलला गेल्याचा संगणकास पत्ताही लागत नाही, आणि सर्व्हरासही नाही. कोणाचीही संमती न घेता, जाळ्यातील इतर कोणत्याही यंत्रात फेरफार न करता, एकेका घरास ही योजना स्वतंत्रपणे अंगीकारता आली. तिच्या झपाट्याच्या प्रसाराचे मुख्य कारण हेच होय. १९९९ साली निघालेल्या 'विंडोज ९८' च्या दुसऱ्या आवृत्तीत तर ही सोय थेट घरच्या संगणकातच अंतर्भूत करण्यात आली होती.

४. बदल वाटतो तितका सोपा नाही

वरील वर्णनावरून पत्तांतर म्हणजे पाकिटावरील पत्ता खोडणे एवढेच, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः पत्त्याचे ठसे पुडक्यात अन्यत्रही उमटलेले असतात. टीसीपीच्या शीर्षभागात प्रवासातील चुका शोधण्यासाठी एक तपास-बेरीज लिहिलेली असते, व ती काढताना पाठविणाराचा आणि घेणाराचा आयपी पत्ताही हिशेबात धरलेला असतो. पत्ता बदलला की ही बेरीज चुकते; म्हणून राउटरास तीही दुरुस्त करावी लागते. सुदैवाने ही बेरीज अशा अंकगणिताने काढलेली असते की सर्व पुडके पुन्हा न वाचता केवळ जुन्या व नव्या पत्त्यांतील फरकावरून ती सुधारता येते.

त्रुटी कळविणारे संदेश याहून त्रासदायक असतात. वाटेतील एखाद्या यंत्रास पुडके पुढे धाडता आले नाही तर ते यंत्र मूळ पुडक्याचा आरंभीचा भाग आपल्या संदेशात गुंडाळून परत पाठविते. हा संदेश घरातील योग्य संगणकास समजावयाचा तर राउटराने गुंडाळलेल्या भागातील पत्ताही उलट बदलला पाहिजे. काही जुन्या प्रोटोकॉलांत तर पत्ता प्रत्यक्ष मजकुरातच लिहिलेला असतो. फाइली पाठविण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलात 'या पत्त्यावर व या पोर्टावर मजशी जोडणी कर' अशी सूचना अक्षरांत लिहून जाते. ती तशीच गेली तर सर्व्हरास निरर्थक खासगी पत्ता मिळतो. यास्तव राउटरास मजकूर वाचून त्यातील पत्ता बदलावा लागतो; आणि नव्या पत्त्यातील अक्षरांची संख्या वेगळी असेल तर टीसीपीच्या अनुक्रमांकांचाही हिशेब पुढे सतत सांभाळावा लागतो.

पुडक्यात कोणीही फेरफार केलेला नाही याची हमी देणे हेच ज्या पद्धतींचे प्रयोजन, त्यांचा तर पत्तांतराशी सरळ विरोध येतो. आयपीसेक या सुरक्षापद्धतीतील एक प्रकार शीर्षभागातील पत्त्यांसह पुडके मुद्रांकित करतो. प्रामाणिक राउटराने केलेला बदल व लबाडाने केलेला बदल यांत त्यास भेद करता येत नाही, म्हणून पत्तांतराच्या वाटेने तो चालूच शकत नाही.

५. स्मृतीचे स्थान

येथपर्यंतच्या विवेचनावरून एक गोष्ट लक्षात येईल. पत्ता 'वाटून' घेतला जातो असे आपण म्हणतो, परंतु वाटणी करणारी वस्तू पत्ता नसून नोंदवही आहे. घरातील सर्व व्यवहारांची स्मृती राउटराच्या नोंदवहीत साठलेली असते, आणि पत्तांतराचे जवळजवळ सर्व गुणदोष या एका वस्तुस्थितीतून निघतात.

इंटरनेटच्या आद्य रचनाकारांनी ही स्मृती मध्यंतरीच्या यंत्रांत ठेवण्याचे बुद्धिपुरस्सर टाळले होते. सॉल्ट्झर, रीड व क्लार्क यांनी आपल्या १९८४ च्या निबंधात प्रतिपादन केले की, संभाषणाची जबाबदारी शक्य तेथवर दोन टोकांच्या यंत्रांवर असावी. क्लार्क यांनी १९८८ मध्ये त्यास आणखी एका तत्त्वाची जोड दिली : संभाषणाची स्मृती ज्याच्या जवळ ती असते त्याच्याबरोबरच नष्ट व्हावी. टोकाचा संगणकच बंद पडला तर संभाषण तुटण्यास कोणाची हरकत नाही. परंतु वाटेवरील एखादे यंत्र बंद पडले तर पुडक्यांनी दुसरी वाट धरावी आणि संभाषण अखंड राहावे. पत्तांतराने हे तत्त्व मोडले. राउटरास क्षणभर वीज मिळाली नाही तर दोन्ही टोके धडधाकट असूनही चालू असलेल्या जोडण्या तुटतात, कारण नोंदवही पुसली गेलेली असते.

नोंदवहीस मर्यादाही आहेत. पहिली मर्यादा काळाची. टीसीपीत संभाषणाचा शेवट स्पष्टपणे कळविला जातो. यूडीपीत तो कळविण्याची सोय नाही. मग नोंद केव्हा खोडावयाची? जानेवारी २००७ च्या एका टिपणाने यूडीपीची नोंद निदान दोन मिनिटे ठेवावी व शक्यतो पाच मिनिटे वा अधिक ठेवावी असे सुचविले. टीसीपीच्या स्तब्ध जोडणीसाठी २००८ मध्ये दोन तास चार मिनिटे ही किमान मुदत सांगण्यात आली. प्रत्यक्षात याहून घाई करणारे राउटर असतात. परिणामी कित्येक कार्यक्रमांना काही सांगावयाचे नसतानाही केवळ नोंद जिवंत राहावी म्हणून मधूनमधून रिकामी पुडकी धाडावी लागतात, आणि मोबाइल फोनाच्या बॅटरीवर त्याचा भार पडतो.

दुसरी मर्यादा संख्येची. एका पत्त्यावर फार तर ६५,५३६ नोंदी होऊ शकतील, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान सर्वथा खरे नाही. दोन जोडण्यांचे गंतव्य सर्व्हर भिन्न असतील तर त्या दोहोंस एकच बाहेरील पोर्ट देऊनही उत्तरांत घोटाळा होणार नाही; कारण उत्तर कोणाकडून आले यावरून राउटरास भेद करता येईल. या रीतीस आपण गंतव्यसापेक्ष नोंद म्हणू. हिने पोर्टांची काटकसर होते. याउलट, गंतव्य कोणतेही असले तरी आतील एका जोडीस बाहेरील एकच जोडी देण्याच्या रीतीस गंतव्यनिरपेक्ष नोंद म्हणता येईल. हिच्यात काटकसर नाही; परंतु पुढील परिच्छेदांत दिसून येईल त्याप्रमाणे दोन घरांतील थेट संभाषण हिच्यामुळेच सुकर होते.

६. बाहेरून येणारी हाक

बारनिशीत नोंद नसलेले पत्र आले, आणि त्यावर टेबलाचाही उल्लेख नसला, तर कारकुनाने ते कोणास द्यावे? राउटरापुढे हाच प्रश्न येतो, व तो असे पुडके टाकून देतो. याचा अर्थ असा की, घरातील यंत्रास बाहेर कोणासही हाक मारता येते. परंतु बाहेरून कोणास त्या यंत्रास हाक मारता येत नाही. ज्या जाळ्यात सर्व यंत्रे समान दर्जाची होती, त्यात अशा रीतीने दोन जाती निर्माण झाल्या : हाक मारू शकणारे व केवळ ओ मिळविणारे ग्राहक एकीकडे, आणि हाक ऐकू शकणारे सर्व्हर दुसरीकडे.

स्वतःच्या राउटरात 'अमुक पोर्टावर येणारे पुडके अमुक संगणकास द्यावे' अशी कायम नोंद करून ठेवणे हा यावरील साधा उपाय. परंतु तो जाणकारासच साध्य होतो. सामान्य माणसासाठी अधिक चतुर उपाय योजावे लागले. समजा, पुण्यातील एका घरातून न्यू जर्सीतील दुसऱ्या घराशी दृक्-श्राव्य संभाषण करावयाचे आहे, आणि दोन्ही घरे पत्तांतराच्या आड आहेत. प्रथम दोघेही एका तिसऱ्या, सार्वजनिक पत्ता असलेल्या सर्व्हराशी बोलतात. आपली पुडकी कोणत्या बाहेरील पत्त्यावरून व पोर्टावरून आलेली दिसतात हे तो सर्व्हर प्रत्येकास सांगतो. ती माहिती दोघे एकमेकांस कळवितात, आणि मग दोघेही एकाच सुमारास एकमेकांकडे पुडकी धाडू लागतात. पुण्याहून निघालेले पुडके पुण्याच्या राउटरात नोंद करून जाते; न्यू जर्सीहून निघालेले तेथील राउटरात. पहिले एखादे पुडके वाया गेले तरी चालते, कारण त्यानंतर आलेले प्रत्येक पुडके दोन्ही राउटरांना अपेक्षित उत्तरच वाटते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दार आतून उघडण्याचा हा प्रकार आहे. बाहेरील पत्ता कळविण्याची पद्धत २००३ मध्ये 'स्टन' या नावाने नियमबद्ध झाली.

आता गंतव्यसापेक्ष नोंदीतील अडचण ध्यानात येईल. तिसऱ्या सर्व्हरास दिसलेला पोर्ट हा केवळ त्या सर्व्हरापुरता असेल, तर तो न्यू जर्सीस कळवून उपयोग काय? पुण्याहून न्यू जर्सीकडे जाताना राउटर निराळाच पोर्ट देईल. अशा वेळी सर्व संभाषण मध्यस्थ सर्व्हरामार्फत वळवून न्यावे लागते. त्यासाठी 'टर्न' ही पद्धत २०१० मध्ये निश्चित झाली. मध्यस्थ सर्व्हर चालविण्यास खर्च येतो व तो खर्च मोठ्या कंपन्यांनाच पेलतो. आजच्या इंटरनेटवर घराघरांतील थेट व्यवहारापेक्षा थोड्या बलाढ्य सर्व्हरांमार्फत होणारा व्यवहार कितीतरी अधिक आहे, याचे पत्तांतर हे एकमेव कारण नव्हे. परंतु ते त्या कारणांपैकी एक आहे, हे नाकारता येत नाही.

७. संरक्षणाविषयीचा समज

आगंतुक पुडकी टाकून दिली जात असल्यामुळे पत्तांतर म्हणजेच संरक्षण, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. तो अगदीच निराधार नाही. बाहेरून दारे ठोठावीत फिरणाऱ्या उपद्रवी कार्यक्रमांस घरातील संगणक दिसत नाही, हा लाभ खरा आहे. परंतु तो आनुषंगिक आहे, व अपुराही आहे. घरातील माणसाने फसव्या पत्रातील दुवा उघडला तर जोडणी आतून बाहेर जाते, आणि राउटर तिची निमूटपणे नोंद करतो. अनेक राउटरांत घरातील कोणत्याही कार्यक्रमास न विचारता पोर्ट उघडून घेण्याची सोय असते. घरात शिरलेल्या उपद्रवी कार्यक्रमासही ती तितकीच उपलब्ध असते.

शिवाय, आगंतुक पुडकी अडविण्यासाठी पत्ता बदलण्याची काहीच गरज नाही. कोणत्या जोडण्या आतून सुरू झाल्या याची नोंद ठेवून बाकीची पुडकी नाकारणारा पहारा पत्ता न बदलताही बसविता येतो. नव्या आवृत्तीच्या घरगुती राउटरांसाठी जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत नेमके हेच सांगितले आहे. संरक्षण नोंदवहीमुळे मिळते, पत्तांतरामुळे नव्हे, हा भेद विद्यार्थ्यांनी काळजीपूर्वक ध्यानी घ्यावा.

८. घरापासून वस्तीपर्यंत

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट प्रादेशिक नोंदणीसंस्थांना वाटून देण्यात आले. आशिया-प्रशांत विभागाच्या नोंदणीसंस्थेने १५ एप्रिल २०११ पासून आपला अखेरचा गट रेशनाप्रमाणे वाटावयास घेतला, व प्रत्येक सभासदास त्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचे ठरविले. भारतात मोबाइल फोनावरील इंटरनेटचा मोठा प्रसार या तारखेनंतर झाला. लवकर आलेल्या देशांना व संस्थांना मुबलक पत्ते मिळाले, आणि लोकसंख्येने मोठे परंतु उशिरा आलेले देश टंचाईच्या काळात दाखल झाले, ही विषमता येथे स्पष्ट दिसते.

अशा स्थितीत सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी घरातील युक्ती आपल्या केंद्रात मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा ४१,९४,३०४ पत्त्यांचा आणखी एक समूह राखून ठेवण्यात आला. घरातील राउटरास कंपनी यांतील एक पत्ता देते. तो सार्वजनिक नसतो. खरा सार्वजनिक पत्ता कंपनीच्या यंत्रावर असतो व तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. आरंभीचे १,०२४ पोर्ट सोडले तर ६४,५१२ उरतात. ६४ ग्राहकांत ते समान वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास १,००८ येतात. पूर्वी एका वाड्यातील बिऱ्हाडांनी एक पत्ता वापरावा तसे हे होते. आता सारी वस्ती एका पत्त्यावर आली, आणि बिऱ्हाडांची परस्परांशी ओळखही राहिली नाही. घरच्या राउटरात कायम नोंद करण्याचा उपायही येथे निष्फळ ठरतो, कारण बाहेरची नोंदवही ग्राहकाच्या हाती नसते.

याचे परिणाम संगणकशास्त्राबाहेर पोचतात. एखाद्या पत्त्यावरून उपद्रव झाला म्हणून संकेतस्थळाने तो पत्ता बंद केला, तर एकाच्या अपराधासाठी अनेक निरपराध्यांना शिक्षा होते. गुन्ह्याच्या तपासातही पत्ता व दिनांक एवढी माहिती अपुरी पडते. त्या क्षणी तो पत्ता अनेकांकडे असतो. त्यांतील एकास वेगळे काढावयाचे तर पोर्टक्रमांक व अचूक वेळही हवी. सर्व्हरांनी या तिन्ही गोष्टी नोंदवून ठेवाव्यात अशी शिफारस जून २०११ मध्ये करण्यात आली. ज्या नोंदीत पोर्टक्रमांक नाही, तिच्या आधारे विशिष्ट व्यक्तीवर बोट ठेवणे तर्कशास्त्रास धरून होत नाही. पोर्टक्रमांक असला तरी तपास फार तर ग्राहकाच्या घरापर्यंत पोचतो. घरातील कोणत्या यंत्रावर कोण बसले होते हे त्यावरून सिद्ध होत नाही.

संशोधकांनाही हाच इशारा लागू आहे. संकेतस्थळास भेट देणाऱ्या पत्त्यांची संख्या म्हणजे वाचकांची संख्या, किंवा प्रश्नावलीस एका पत्त्यावरून आलेली दोन उत्तरे म्हणजे एकाच माणसाची लबाडी, हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. वसतिगृहातील शेकडो विद्यार्थी एका पत्त्याने दिसू शकतात. उलट, एकच विद्यार्थी घरी, वाटेत व ग्रंथालयात मिळून दिवसात तीन पत्त्यांनी दिसतो. पत्त्याआडची यंत्रे मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. स्टीव्हन बेलोव्हिन यांनी २००२ मध्ये दाखविले की, प्रत्येक संगणक आपल्या पुडक्यांवर जे ओळख-क्रमांक टाकतो ते पुष्कळदा एकेकाने वाढत जातात. तेव्हा एका पत्त्यावरून येणाऱ्या पुडक्यांत अशा किती स्वतंत्र मालिका आहेत हे पाहून यंत्रांचा अंदाज बांधता येतो. तथापि पुढे हे क्रमांक यदृच्छेने टाकण्याची रीत वाढली, व या पद्धतीचा आधार कमकुवत झाला.

९. नव्या आवृत्तीची स्थिती

दूरगामी उपाय म्हणून योजलेली 'आयपी आवृत्ती ६' डिसेंबर १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातील पत्ता १२८ बिटांचा असून एका घरगुती जाळ्यास मिळणाऱ्या नेहमीच्या विभागातच ६४ बिटांची, म्हणजे जुन्या संपूर्ण इंटरनेटच्या पत्त्यांच्या वर्गाइतकी, जागा असते. तिच्यात पत्ता वाटून घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या रिलायन्स जिओच्या जाळ्याने आरंभापासून तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला, आणि आज गूगल व आशिया-प्रशांत नोंदणीसंस्था यांच्या मोजणीत भारतातील निम्म्याहून अधिक वापरकर्ते तिच्यापर्यंत पोचलेले आहेत. टंचाईची झळ ज्यांना अधिक लागली त्यांनी नवा मार्ग अधिक वेगाने धरला, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

तथापि दोन आवृत्त्या परस्परांस थेट समजत नाहीत. जुन्या पत्त्यावरील सर्व्हरापर्यंत पोचण्यासाठी नव्या जाळ्यांच्या वेशीवरही एका आवृत्तीतून दुसरीत रूपांतर करणारी यंत्रे बसवावी लागतात, आणि तेथे पुन्हा नोंदवही येतेच. जोपर्यंत जुन्या पत्त्यावरच उपलब्ध असलेली स्थळे शिल्लक आहेत तोपर्यंत पत्तांतर सर्वथा नाहीसे होणार नाही.

सारांश, अल्पकाळासाठी सुचविलेल्या या युक्तीने तीन दशके इंटरनेटची वाढ सांभाळली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु जी स्मृती टोकांच्या यंत्रांत असावयाची ती तिने मध्यस्थाच्या नोंदवहीत नेली. आणि नोंदवही ज्याच्या हाती, त्याच्या हाती कोणी कोणास हाक मारावी हे ठरविण्याची सत्ता गेली. घरातील राउटरात ती सत्ता निदान घरमालकाची होती. कंपनीच्या केंद्रात ती त्याचीही राहिली नाही. यापुढे एखाद्या अहवालात अथवा प्रबंधात 'इतक्या पत्त्यांवरून' असे शब्द आढळले, तर त्या प्रत्येक पत्त्यामागे कोणाची नोंदवही आहे व तीत किती नोंदी असाव्यात, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावयास हवा.